कॅरव्हॅन घेऊन वाळवंटात ताऱ्यांचे फोटो काढायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहलीची तारीख कशी ठरवायची?

आधी पंचांग उघडा, मग रजेचा अर्ज लिहा. बहुतेक जण उलट करतात आणि ऐन पौर्णिमेला वाळवंटात पोहोचतात.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि तितकाच उशिरा मावळतो. वद्य एकादशीला तो पहाटे, सूर्योदयाच्या साधारण तीन तास आधी वर येतो. शुद्ध चतुर्थीला सूर्यास्तानंतर तीन-सव्वातीन तासांत जातो. मधली अमावस्या धरून हे आठ-नऊ दिवस कामाचे. त्यातही मला शुद्ध द्वितीया आणि तृतीया जास्त आवडतात. संध्याकाळी कोरीचा तिरपा उजेड टेकड्यांवर पडतो, त्यात जमिनीचे फोटो होतात आणि जेवण उरकेपर्यंत चंद्र गेलेला असतो.

सूर्यास्त झाला की लगेच रात्र होत नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश गेल्यावरच आकाश पूर्ण काळं होतं. उष्ण पट्ट्यातल्या वाळवंटात त्याला सव्वा ते दीड तास लागतो. साधारण ४९ अंश अक्षांशाच्या पलीकडे भर उन्हाळ्यात खरी रात्र होतच नाही, पण मोठी वाळवंटं बहुतेक त्याच्या अलीकडेच आहेत.

आकाशगंगेचा तो तेजस्वी मध्यभाग कधी आणि किती वर दिसेल?

तारखेबरोबर हाही हिशेब करायला हवा. आकाशगंगेचं केंद्र धनु राशीच्या दिशेला आहे. मूळ नक्षत्राची, म्हणजे वृश्चिकाच्या शेपटीची, आकडी सापडली की तिच्या शेजारीच बघायचं. खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेघेच्या, ते २९ अंश दक्षिणेला असल्यामुळे तुमच्या अक्षांशावर सगळं ठरतं. २५ अंश उत्तरेला ते जास्तीत जास्त ३६ अंश वर चढतं, ४५ अंश उत्तरेला जेमतेम १६ अंश. नैऋत्य आफ्रिकेतल्या नामिब किंवा चिलीतल्या अटाकामा वाळवंटात २४-२५ अंश दक्षिणेला ते जवळजवळ डोक्यावर येतं.

दक्षिणेतल्या लोकांचं नशीब इथे जोरावर आहे. केंद्र रात्रभर दिसतं ते जून-जुलैत. तेव्हा तिथे हिवाळा असतो, रात्री लांब असतात आणि दिवसाही कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या चाकांवरच्या घरात, बसवतं. उत्तर गोलार्धात हेच महिने वाळवंट भाजून काढणारे. तिथे दोन पर्याय उरतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे उठायचं, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंधार पडताच कामाला लागायचं. तारे रोज चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तासांचा फरक. मागच्या महिन्यात मध्यरात्री जे दिसलं ते या महिन्यात दहा वाजता दिसेल. हिवाळ्यात उत्तरेत जाणार असाल तर केंद्राचा हट्ट सोडा. मृग, व्याध, कृत्तिका आणि आकाशगंगेची फिकट बाजू यांचेही फोटो सुरेख होतात.

वाळवंट म्हटलं की अंधार आलाच ना?

नाही. तेलविहिरींवर जळणारे वायूचे लोळ, खाणींचे दिवे, महामार्ग, शंभर किलोमीटरवरच्या मोठ्या शहराचा क्षितिजावरचा पिवळट घुमट, यातलं काहीही तुमची चौकट बिघडवू शकतं. उपग्रहांच्या मोजमापांवरून बनवलेले प्रकाशप्रदूषणाचे नकाशे इंटरनेटवर मिळतात. त्यांवर उजेडाचा ठिपका बघताना तो तुमच्या जागेपासून कुठल्या दिशेला आहे तेही बघा. उत्तरेला शहर असेल आणि तुम्हाला फोटो दक्षिणेचा काढायचा असेल तर फारसं बिघडत नाही.

अंधाराची प्रत सांगायला बॉर्टल श्रेणी वापरतात. जॉन बॉर्टल यांनी ती २००१ मध्ये मांडली. १ म्हणजे सर्वांत काळं आकाश, ९ म्हणजे शहराचा मध्य. जागेवर पोहोचल्यावर एक सोपी परीक्षा करा. एखादा ढग आला तर तो कसा दिसतो? उजळ दिसला तर खालून कुठून तरी प्रकाश येतोय. ताऱ्यांमध्ये पडलेल्या भोकासारखा काळा दिसला तर जागा अस्सल.

किनाऱ्यालगतच्या वाळवंटांत धुकं हा वेगळाच त्रास. नामिब आणि अटाकामा दोन्ही थंड सागरी प्रवाहांच्या काठी आहेत, त्यामुळे पाऊस नसला तरी रात्री समुद्रावरून धुकं आत सरकतं. अटाकामात त्याला ‘कामांचाका’ म्हणतात. म्हणून किनाऱ्यापासून आत आणि थोडं उंचावर जायचं. युरोपीय देशांची व्हेरी लार्ज टेलिस्कोप ही वेधशाळा पारानाल डोंगरावर, २,६०० मीटरहून अधिक उंचीवर बांधली ती उगाच नाही.

कॅरव्हॅनच कशाला? गाडी आणि तंबू पुरेसे नाहीत का?

एक-दोन रात्रींना पुरतात. चार-पाच रात्री जागायच्या असतील तर फरक कळतो तो दिवसा. पहाटे पाचला झोपलेला माणूस तंबूत आठ वाजता घामाघूम होऊन उठतो आणि तिसऱ्या रात्रीपर्यंत त्याच्याकडून चुका व्हायला लागतात. कॅरव्हॅनचा खरा उपयोग दिवसाच्या झोपेसाठी. जाड पडदे, हवा खेळती राहील अशा समोरासमोरच्या खिडक्या आणि छतावरचा पंखा एवढं असेल तर बाकी चैन नसली तरी चालेल.

कॅरव्हॅन घेतली म्हणून रोज नवीन जागा गाठायचा मोह मात्र टाळा. पाच रात्री असतील तर एकच मुक्काम करा, फार तर दोन. पहिली रात्र प्रवासाच्या थकव्यात आणि जागा समजण्यात जाते, एखादी धुळीने जाते. एकाच टेकडीवर तिसऱ्यांदा गेल्यावर तारा कुठल्या कड्यामागून उगवणार हे माहीत झालेलं असतं, आणि बरा फोटो तेव्हा मिळतो.

वाळूत कॅरव्हॅन रुतली तर?

ती वाळूत नेऊच नका, हे माझं पहिलं उत्तर. घट्ट मुरमाड किंवा खडकाळ जमिनीवर तिला उभी करा आणि पुढचे एक-दोन किलोमीटर पायी किंवा नुसत्या गाडीने जा. फोटोत टेकड्या हव्यात म्हणून मुक्कामही टेकड्यांतच हवा असं नाही.

जावंच लागलं तर टायरची हवा उतरवा, ओढणाऱ्या गाडीची आणि कॅरव्हॅनचीही. रस्त्यावर ३५-४० पीएसआय असलेली हवा मऊ वाळूत २०-१८ पर्यंत आणली की टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. नेमका आकडा वजनावर आणि टायरवर ठरतो. हवा कमी असताना वेग कमी ठेवा आणि झटक्यात वळू नका, टायर रिंगमधून निसटतो. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, त्यामुळे कॉम्प्रेसर आणि हवेचा मीटर सोबत हवेच. थांबताना ब्रेक दाबू नका, चाकांपुढे वाळूचा बांध तयार होतो. गाडी आपोआप थांबू द्या, तीही शक्यतो उतारावर.

चाकं जागच्या जागी फिरायला लागली की त्याच क्षणी पाय उचला. आणखी दहा सेकंद रेटलं की गाडी पोटावर बसते. खाली उतरून चाकांपुढची वाळू फावड्याने काढा आणि पकड देणाऱ्या फळ्या घाला. तरीही हलत नसेल तर कॅरव्हॅन सोडा, आधी गाडी बाहेर काढा आणि घट्ट जमिनीवरून लांब पट्ट्याने कॅरव्हॅन ओढा. पट्टा कॅरव्हॅन जोडायच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. तो गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो, त्याने माणसं मेली आहेत. पट्टा गाडीच्या चासीला पक्क्या बसवलेल्या कडीलाच लावायचा.

कच्च्या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा पडलेल्या असतात. त्यांवरून तासभर गेल्यावर कपाटांची दारं उघडतात, पाण्याच्या नळ्यांचे जोड ढिले होतात, स्क्रू गळून पडतात. दर थांब्याला एक फेरी मारून हात लावून बघा. कॅमेऱ्याची बॅग कपाटात ठेवू नका, गाडीच्या मागच्या सीटवर उशांमध्ये ठेवा.

पाणी आणि इंधन किती न्यावं?

उष्ण दिवसांत पिण्यासाठीच माणशी पाच लिटर धरा. स्वयंपाक आणि जेमतेम धुणं-पुसणं मिळून माणशी रोज दहा लिटर होतं. दोघं, पाच दिवस, वर दोन दिवसांची राखीव मिळून १४० लिटर, म्हणजे १४० किलो वजन. ते चाकांच्या आसावर येईल असं ठेवा, शेपटीकडे नको, नाहीतर कॅरव्हॅन वेगात डोलायला लागते. सगळं पाणी एकाच टाकीत ठेवू नका. एक जोड निसटला आणि रात्रीत टाकी रिकामी झाली तर काय कराल? निम्मं तरी वेगळ्या कॅनमध्ये असू द्या.

वाळूत कॅरव्हॅन ओढताना नेहमीच्या दीडपट ते दुप्पट इंधन लागेल असं धरून चाला.

विजेचा हिशेब कसा जमवायचा?

कागद-पेन्सिल घ्या. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसातून साधारण एक तृतीयांश वेळ चालतो आणि ३५०-४०० वॉट-तास खातो, गरमीत जास्त. लॅपटॉप दोन तास चालवला तर १२०. कॅमेऱ्याच्या चार बॅटऱ्या ६०. लेन्स गरम ठेवणारा पट्टा रात्रभर लावला तर ८०. दिवे, पंप, पंखा मिळून ६०-७०. बेरीज सातशेच्या आसपास जाते.

१०० अँपिअर-तासांची, म्हणजे १२ व्होल्टला १,२०० वॉट-तासांची, जुनी शिसे-आम्लाची बॅटरी यातले ६०० देईल, कारण ती निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हजाराच्या वर देते. २०० वॉटचं सौर पॅनेल वाळवंटी उन्हात कागदोपत्री हजार वॉट-तास देतं, प्रत्यक्षात सातशे, कारण तापलेलं पॅनेल कमी वीज देतं आणि त्यावर धूळ बसते. रोज सकाळी झोपण्याआधी कोरड्या मऊ ब्रशने पुसून घ्या.

बॅटऱ्या चार्ज करायला इन्व्हर्टर लावू नका. १२ व्होल्टवर किंवा यूएसबीवर चालणारे चार्जर घ्या, मधल्या रूपांतरात वीज वाया जाते. जनरेटर असलाच तर दिवसा चालवा.

रात्री इतकी थंडी पडते का?

पडते. कोरडी हवा आणि निरभ्र आकाश यामुळे दिवसाची उष्णता सूर्यास्तानंतर भराभर निघून जाते. दुपारी शर्ट नकोसा होतो आणि पहाटे हातमोजे लागतात. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर माना टाकते. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

कॅरव्हॅन गरम करायला गॅसची शेगडी पेटवून ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्याचा अलार्म आत हवाच, आणि निघण्याआधी तो चालतो का ते बघा.

कॅरव्हॅन कशी आणि कुठे उभी करायची?

या प्रश्नाला लोक सर्वांत कमी वेळ देतात. माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे.

दिवस असतानाच पोहोचा. वाऱ्याची दिशा बघून कॅरव्हॅनचं तोंड वाऱ्याकडे करा, वादळ आलं तर ती कमी हलते. दार मात्र तुम्ही फोटो काढणार त्याच्या विरुद्ध दिशेला हवं. दार उघडलं की आतला उजेड वाळूवर किती लांब पसरतो हे एकदा बघितलं की पटतं. कोपऱ्यांच्या टेकूंखाली लाकडी फळ्या घाला, चाकांना ठोकळे लावा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात, कितीही सपाट आणि सावलीचं वाटलं तरी, मुक्काम करायचा नाही. वर कुठेतरी, तुम्हाला न दिसणाऱ्या डोंगरावर पडलेला पाऊस तिथून येतो.

मग अंधार पडल्यावर एक फेरी मारा आणि दिवे मोजा. फ्रिजचा हिरवा, चार्जरचा निळा, पायरीखालचा, पंपाच्या स्विचचा. काळ्या चिकटपट्टीने सगळे झाका. आतले दिवे लाल करा. डोळ्यांना पुरता अंधार सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाचा एक झोत ती मेहनत घालवतो.

सर्वांत कपटी असते ती गाडी. दार उघडलं की आतला दिवा, किल्लीचं बटण दाबलं की चारी इंडिकेटर. दीड तास चाललेल्या तारारेषांच्या (आकाश फिरल्याने फोटोत उमटणाऱ्या ताऱ्यांच्या रेघांच्या) मालिकेत खिशातल्या किल्लीचं बटण दाबलं गेल्याने नारिंगी झालेल्या टेकडीचा फोटो माझ्याकडे अजून आहे. तेव्हापासून गाडी उघडीच ठेवतो आणि किल्ली कॅरव्हॅनमधल्या खिळ्यावर.

ट्रायपॉड कॅरव्हॅनच्या पायरीवर किंवा छतावर ठेवू नका. आत कुणी कूस बदलली तरी तारे हलतात. वाऱ्याचा आडोसा हवा असेल तर तिच्या मागे, जमिनीवर उभं राहा.

कुठली लेन्स आणि काय सेटिंग?

१४ ते २४ मिलिमीटरमधली, एफ २.८ किंवा त्याहून मोठं छिद्र असलेली लेन्स. रॉ फाइल (कॅमेऱ्याने न आवळलेली मूळ फाइल), मॅन्युअल मोड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० पासून सुरुवात, पांढऱ्याचा तोल (व्हाइट बॅलन्स) ४००० केल्विनच्या आसपास. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं, याचा जुना नियम म्हणजे ५०० भागिले फोकल लांबी. २० मिलिमीटरला २५ सेकंद. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात आधी फोकल लांबीला १.५ ने गुणायचं, म्हणजे १६-१७ सेकंद. आजच्या बारीक पिक्सेलच्या सेन्सरवर हा नियम फार उदार ठरतो, तारे लांबट होतात. मी ५०० ऐवजी ३०० धरतो. ध्रुवाजवळचे तारे सावकाश सरकतात, खगोलीय विषुववृत्ताजवळचे जलद, तेही लक्षात ठेवा.

एकाच चौकटीचे १६ फोटो काढून संगणकावर एकत्र केले तर दाणेदारपणा चौपट कमी होतो. महागडी लेन्स घेण्याआधी हे करून बघा, फुकट आहे. जमिनीसाठी वेगळा फोटो संधिप्रकाशात, ट्रायपॉड न हलवता काढून ठेवा. कॅरव्हॅनची उजळलेली खिडकी चौकटीत हवी असेल तर २० सेकंदांपैकी एक-दोन सेकंदच दिवा लावून बंद करायचा, नाहीतर खिडकीच्या जागी पांढरा डाग येतो.

अंधारात फोकस कसा करायचा?

ऑटोफोकस बंद. व्याध, अभिजित किंवा स्वातीसारखा तेजस्वी तारा पडद्यावर मोठा करून बघा आणि तो लहानात लहान ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. रिंगवर चिकटपट्टी लावा. लेन्सवर काढलेल्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. तापमान उतरलं की फोकस किंचित सरकतो, म्हणून दर तासाला तपासा.

तारारेषा काढायच्या तर?

आकाश तासाला १५ अंश फिरतं. ९० मिनिटं दिलीत तर साडेबावीस अंशांचे कंस मिळतात, तेवढे पुरतात. एकच लांब एक्स्पोजर देण्याऐवजी ३०-३० सेकंदांचे सलग फोटो काढा, मध्ये एका सेकंदाहून जास्त फट नको. कॅमेऱ्यातली दीर्घ एक्स्पोजरची नॉइज कमी करण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो आणि रेषा तुटक होतात. उत्तरेत ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून एक अंशापेक्षा कमी अंतरावर आहे, रेषांच्या वर्तुळांचं केंद्र चटकन सापडतं. दक्षिणेत तिथे ठळक तारा नाही, होकायंत्र वापरा.

कॅमेऱ्यात वाळू जाऊ नये म्हणून काय करावं?

बाहेर लेन्स बदलू नका, बस्स. दोन लेन्स लागणार असतील तर दोन कॅमेरे न्या, किंवा कॅरव्हॅनमध्ये पंखा बंद करून बदला. लेन्सवर धूळ बसली तर आधी रबरी फुग्याने हवा मारा, थेट कापडाने पुसलं तर ओरखडे पडतात. ट्रायपॉडचे पाय वाळूत रोवताना खालचा जोड वाळूच्या वर राहील असं बघा. तो जोड एकदा कुरकुरायला लागला की घरी पूर्ण उघडून धुण्याशिवाय इलाज नाही.

फोटोत उपग्रहांच्या रेघा येतात, त्यांचं काय?

इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये गेले, त्यानंतर हे वाढतच गेलं. खालच्या कक्षेतले उपग्रह संध्याकाळी आणि पहाटे उन्हात चमकतात, मध्यरात्रीच्या सुमारास त्यातले बरेच पृथ्वीच्या सावलीत असतात. अनेक फोटो एकत्र करताना सॉफ्टवेअर एकाच फोटोत असलेली रेघ गाळू शकतं.

क्षितिजापाशी हिरवट झाक येते. कॅमेरा बिघडला का?

नाही, नशीब उघडलं. सुमारे ९०-१०० किलोमीटर उंचीवरचा ऑक्सिजन स्वतःच मंद हिरवा प्रकाश देतो. प्रकाशित आकाशात तो बुडून जातो. संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला, सूर्य असतो त्या बाजूला, तिरका पांढुरका सुळका दिसला तर तो राशिचक्र प्रकाश. ग्रहांच्या दरम्यान पसरलेल्या धुळीवरून परावर्तित झालेलं ऊन आहे ते. संपादन करताना यातलं काही पुसून टाकू नका.

रस्ता चुकलो किंवा काही झालं तर?

अमावस्येच्या रात्री कॅरव्हॅन दीडशे मीटरवरूनही दिसेनाशी होते. निघताना फोनवर तिची जागा नोंदवा, ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा आणि मागच्या खिडकीत एक मंद लाल दिवा राहू द्या. मोबाइलला नेटवर्क नसणार असं धरूनच निघा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र किंवा ४०६ मेगाहर्ट्झवरचा आणीबाणीचा बीकन सोबत ठेवा. काही देशांत सॅटेलाइट फोन बाळगायला परवाना लागतो, तो आधीच बघा. घरी कुणाला तरी मुक्कामाची जागा आणि परतायची वेळ लिहून द्या, आणि त्या वेळेनंतर किती तास थांबून मदत बोलवायची तेही.

गाडी बंद पडली तर ती सोडून चालत निघू नका. शोधणाऱ्यांना माणसाआधी गाडी दिसते, आणि पाणी तिथेच असतं.

बूट घालण्याआधी झटका. विंचू अतिनील टॉर्चमध्ये हिरवट-निळे चमकतात. ट्रायपॉड मांडण्याआधी एकदा तो फिरवून घ्यायला हरकत नाही, पण शेजारी दुसऱ्या कुणाचा कॅमेरा चालू नाही ना हे विचारून.

परवानगी लागते का?

बऱ्याच संरक्षित वाळवंटांत सूर्यास्तानंतर फाटक बंद होतं आणि आतल्या ठरावीक तळावर राहणाऱ्यांनाच रात्री फिरता येतं. आरक्षण करताना ‘रात्री तळाबाहेर चालत जाता येईल का’ एवढं एक वाक्य लिहून विचारा. सीमेजवळच्या वाळवंटांत लष्करी हद्दी आणि सुरुंगांचे जुने पट्टे असतात, तिथे आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकायचं नाही.

सगळ्या रात्री धुळीत गेल्या तर?

धूळ डोक्यावर कमी आणि क्षितिजाकडे जास्त जाणवते. रुंद लेन्स काढा, कॅमेरा वर वळवा, आकाशगंगेचा माथ्यावरचा भाग घ्या. वारा साधारणपणे मध्यरात्रीनंतर पडतो, तोवर झोपा आणि तीनचा गजर लावा. तेवढंही नाही जमलं तर परतीसाठी ठेवलेला राखीव दिवस वापरा, पण पाण्याचे कॅन मोजून झाल्यावर.